कैफियत कामगाराची, तोंड कोणाचे?

कैफियत हा शब्द आपल्या भाषेत अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि जुन्या दप्तरांतून इतका रुळला, की तो परका आहे हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. बोलण्यात कैफियत म्हणजे गाऱ्हाणे. आपल्यावर काय गुदरले ते दुसऱ्यापुढे मांडणे. कोर्टात मात्र कैफियत म्हणजे प्रतिवादीने दिलेला लेखी जबाब. कामगारांच्या इतिहासात हे दोन अर्थ सतत एकमेकांशी भांडत आलेले आहेत. गाऱ्हाणे कामगाराचे असे, आणि पुष्कळदा जबाब द्यायलाही त्यालाच उभे केले जाई.

आज आपणांपुढे जो प्रश्न ठेवावयाचा आहे तो एवढाच, की नोकरीच्या तंट्यात कामगाराची बाजू कोणी मांडावी? त्याने स्वतः, त्याच्या शेजारच्या सोबत्याने, युनियनने, सरकारी अंमलदाराने की वकिलाने? वरवर पाहता हा कायद्याच्या कलमांचा कोरडा प्रश्न वाटेल. परंतु गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत त्याला जी जी उत्तरे मिळाली, त्यांत कामगाराकडे माणूस म्हणून पाहिले गेले की नाही, याचाच हिशेब आहे.

आरंभ आपल्याच खंडाळ्यापासून करू. बोरघाटात आगगाडीचा रस्ता चढवण्याचे काम चालू असता हजारो मजूर डोंगर फोडीत होते. मजुरी थकली, दाद घेणारे कोणी नव्हते, आणि १८५९ च्या जानेवारीत तेथे दंगा उसळला. त्याच वर्षी सरकारने तेरावा कायदा केला. आगाऊ उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुरास मॅजिस्ट्रेटपुढे आणावे, काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद द्यावी, असा त्याचा मतलब. दुसऱ्या वर्षी, १८६० साली, रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत म्हणून आणखी एक कायदा झाला. म्हणजे मजूर स्वतः न्यायासनापुढे उभा राहिला खरा, पण उचल घेतलेला गुन्हेगार म्हणून. मालकाने करार मोडला तर तो दिवाणी बाब, मजुराने मोडला तर फौजदारी. ही विषमता थोडीथोडकी नव्हे, १९२६ पर्यंत टिकली. ‘आपली बाजू आपण मांडण्याचा’ हा पहिला प्रकार; आणि तो आठवला म्हणजे केवळ तोंड उघडू दिले की न्याय मिळतो, हा भ्रम दूर होतो.

पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ते १८७५ साल. त्याच साली मुंबई सरकारने गिरण्यांची चौकशी करण्यासाठी पहिले कमिशन नेमले, आणि त्यात भरणा गिरणीमालकांचाच होता. ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्यांनीच ते ऐकावे, असा तो मामला. नारायण मेघाजी लोखंडे यांचे थोरपण येथे कळते. १८८४ साली मुंबईस पुन्हा कमिशन बसले, तेव्हा त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जखम झाली तर रजेत पगार, अशा त्यातील मागण्या आज साध्या वाटतात. परंतु सही करता न येणाऱ्या माणसांनी कागदावर आपली खूण उठवून ‘हे आमचे म्हणणे’ असे सरकारास कळवावे, ही गोष्टच नवी होती. १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. लोखंडे हे ‘दीनबंधु’चे संपादक, सत्यशोधक, पण त्यांनी कामगारांच्या वतीने बोलताना कामगारांना गप्प बसवले नाही. सह्या घेतल्या, सभा घेतल्या, बायकांना व्यासपीठावर आणले. प्रतिनिधी कसा असावा याचा हा नमुना आम्ही आजही पुढे ठेवतो.

पुढची पन्नास वर्षे संघटनेची. १९२० साली आयटक निघाली, १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला आणि नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यास कायद्याने ओळख मिळाली. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार कापला वा थकवला तर कामगाराने स्वतः अर्ज करावा, किंवा वकिलामार्फत वा युनियनच्या पदाधिकाऱ्यामार्फत करावा, अशी मोकळीक दिली. त्याआधी १९३४ च्या सार्वत्रिक गिरणी संपानंतर मुंबई सरकारने समेटाचा कायदा करून एक नवा माणूस निर्माण केला होता: सरकारी लेबर ऑफिसर. कामगारांचे गाऱ्हाणे ऐकून ते मालकापुढे व समेटाच्या बैठकीत मांडायचे, हे त्याचे काम. त्यातून काही बऱ्या गोष्टी घडल्या हे नाकारता येत नाही. पण ज्याचा पगार सरकार देते तो कामगाराचा मुखत्यार कसा, हा प्रश्न गिरणगावात तेव्हाही विचारला जाई.

१९३८ च्या मुंबई औद्योगिक तंट्यांच्या कायद्याने हा प्रश्न ऐरणीवर आणला. समेटाची सारी पायरी चढून झाल्याखेरीज संप बेकायदा, आणि समेटात कामगारांतर्फे कोणी बसावे याची उतरंड कायद्यानेच लावलेली. मान्यताप्राप्त युनियन असेल तर ती, नसेल तर कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी, तेही नसतील तर लेबर ऑफिसर. डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात या बिलास कडाडून विरोध केला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव होय, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. पोलिसांनी गोळीबार केला. कामगारांनी या कायद्यास ‘काळा कायदा’ म्हटले. आणि तरीही, याच कायद्याखाली मुंबईत औद्योगिक न्यायालय उभे राहिले आणि कामगारांच्या पगाराचा प्रश्न न्यायासनापुढे नियमितपणे चालू लागला. एकाच कायद्याने संपाचा रस्ता अडवला आणि कोर्टाचा दरवाजा उघडला. इतिहास असा दुतोंडी असतो. त्याचे एकच तोंड पाहणे बरे नव्हे.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ही उतरंड आणखी पक्की केली. एका गावातील एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक युनियन’, आणि बोलण्याचा अधिकार तिचा. हेतू वाईट नव्हता. दहा युनियनांनी दहा तोंडांनी बोलावे आणि मालकाने त्यातले सोयीचे तोंड निवडावे, हे थांबावे असा तो हेतू. परंतु याची दुसरी बाजू १९६२ साली उघडी पडली. अहमदाबादच्या एका गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रातिनिधिक युनियन तंट्यात हजर झाली म्हणजे कामगारास स्वतः उभे राहून तिच्याविरुद्ध आपले म्हणणे मांडता येणार नाही. युनियन नेकीने वागते की नाही हा प्रश्नही त्यास तेथे काढता येणार नाही. कामगाराचेच गाऱ्हाणे, कामगाराचीच नोकरी, आणि कोर्टात तो मात्र प्रेक्षकांच्या बाकावर!

आम्ही युनियनचे लोक. या निर्णयाने युनियनला बळ आले, म्हणून त्याची तरफदारी करणे आम्हांस सोपे आहे. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, त्या संपाची एक मागणी हाच कायदा रद्द करावा ही होती. ज्या संघटनेस कायदा त्यांचे तोंड मानीत होता, तिला ते आपले तोंड मानीत नव्हते. संपाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. माणसाच्या तोंडावर दुसऱ्याचा हात कायद्याने ठेवला, की एक दिवस तो हात झिडकारला जातो, आणि त्या झिडकारण्यात कोणाकोणाचे संसार मोडतात याचा हिशेब लागत नाही.

आता देशाच्या कायद्याकडे वळू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे छत्तिसावे कलम या दृष्टीने फार महत्त्वाचे. कामगाराने आपल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यामार्फत उभे राहावे; तो कोणत्याच युनियनचा सभासद नसेल तर त्याच उद्योगातील दुसऱ्या कामगारानेही त्याची बाजू मांडावी. समेट अधिकाऱ्यापुढे वकिलास मज्जाव. कामगार न्यायालयात वा न्यायाधिकरणापुढे वकील उभा करायचा तर समोरच्या पक्षाची संमती हवी आणि न्यायासनाची परवानगीही हवी. यामागची दृष्टी सरळ होती. मालकाच्या थैलीला अंत नाही, कामगाराच्या चुलीला मात्र उद्याची चिंता. तंटा वकिली डावपेचांत अडकला तर ज्याच्याकडे वेळ आहे तोच जिंकतो.

कलम कागदावर राहिले. व्यवहारात त्याला वाट फुटली. १९७६ साली पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वकील म्हणून उभे राहायचे तर संमती आणि परवानगी ही दोन्ही लागतीलच. परंतु तोच माणूस मालकांच्या संघटनेचा वा युनियनचा खराखुरा पदाधिकारी असेल तर त्या नात्याने त्यास अडवता येणार नाही. शब्दार्थाने निर्णय दोन्ही बाजूंना सारखा आहे. फक्त मालकांच्या संघटनांना कायदा शिकलेला पदाधिकारी नेमणे जितके सोपे, तितके ते चारशे सभासदांच्या युनियनला सोपे नाही.

मग एकट्या कामगाराचे काय? ज्यास कामावरून काढले आणि ज्याच्या मागे युनियन नाही, त्याने कोठे जावे? बराच काळ उत्तर असे होते, की कोठेही नाही. एकट्याचा तंटा हा ‘औद्योगिक तंटा’ नव्हेच. युनियनने किंवा पुरेशा सोबत्यांनी तो उचलून धरला तरच तो तसा होतो, असे कोर्टे मानीत. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या मोटार वाहतूक कंपनीच्या खटल्यात हीच सर्वसाधारण समजूत नमूद केली. मात्र मध्यप्रांत-वऱ्हाडचा कायदा वेगळा असल्यामुळे त्या एकट्या नोकरास दाद मागता आली. देशभरच्या एकट्या कामगारासाठी दार उघडायला १ डिसेंबर १९६५ उजाडावे लागले. त्या दिवशी ‘दोन-अ’ हे कलम अमलात आले आणि बडतर्फीचा तंटा, कोणी पाठीशी असो वा नसो, औद्योगिक तंटा ठरला. तरीही तो न्यायालयाकडे धाडायचा की नाही हे सरकारच्या हाती होते. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याने, जो १९७५ साली अमलात आला, कामगारास नव्वद दिवसांच्या आत स्वतः थेट तक्रार करण्याची सोय दिली. देशाच्या कायद्यात ही सोय २०१० साली आली: समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून पंचेचाळीस दिवस झाले की थेट न्यायालय, मुदत तीन वर्षे. २०२० साली संसदेने केलेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने थेट अर्जाची वाट ठेवली, पण मुदत तीनाची दोन वर्षांवर आणली. ज्याची नोकरी गेली त्याने ही मुदत भिंतीवर लिहून ठेवावी. हक्क असतो, तारीख निघून जाते.

परंतु कामगाराचे भवितव्य पुष्कळदा कोर्टात नव्हे, कारखान्यातल्या एका लहान खोलीत ठरते. तेथे आरोपपत्र वाचले जाते, चौकशी अधिकारी टेबलामागे बसतो, साक्षीदार बहुधा कारखान्यातलेच. १९६० साली टाटा लोकोमोटिव्हच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशा चौकशीत युनियनचा प्रतिनिधी मिळण्याचा कामगारास हक्क नाही; प्रश्न साध्या घटनेचा असतो आणि त्यात उलटतपासणी घ्यायला कामगार स्वतः समर्थ असतो. मुंबई राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांनी त्याहून उदार धोरण ठेवले: कामगाराने स्वतः बाजू मांडावी, किंवा आपल्याच खात्यातील सोबत्यास वा आपल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यास उभे करावे. १९८२ साली मुंबई बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने काळाचे भान दाखवले. मालकातर्फे कायदा शिकलेले दोन अधिकारी उभे आणि नोकरास मात्र वकील नाकारलेला, ही चौकशी न्यायाची नव्हे, असे त्याने ठरवले. दोन तागड्यांत एकीकडे वजन टाकले तर दुसरीकडेही टाकले पाहिजे, हे बाजारातल्या पोरालाही कळते. दरम्यान १९७१ च्या अखेरीस आलेल्या ‘अकरा-अ’ कलमाने न्यायालयास शिक्षा फार झाली की काय हे तपासण्याचा अधिकार दिला, आणि १९८२ च्या दुरुस्तीने निलंबित कामगारास पहिले नव्वद दिवस निम्मा व पुढे पाऊणपट निर्वाह भत्ता ठरवून दिला. ज्याच्या घरी दाणा नाही त्यास बचावाची संधी दिली असे म्हणणे ही थट्टाच होती. ती थोडी कमी झाली.

कामगार स्वतः समर्थ असतो हे १९६० चे विधान खोटे की खरे? आमच्या पाहण्यात दोन्ही आले आहे. एका ओतकाम कारखान्यात रात्रपाळीस झोपल्याचा आरोप एका साचेकाम करणाऱ्या मामांवर आला. आरोपपत्रात वेळ लिहिली होती अडीच ते तीन. सुपरवायझरची साक्ष झाल्यावर मामांनी एवढेच विचारले, “साहेब, त्या रात्री पावणेतीनचं ओतकाम कुणी केलं?” सुपरवायझरने रजिस्टर उघडले; सही मामांचीच होती. हा प्रश्न शहरातल्या नामांकित वकिलास सुचला नसता, कारण रजिस्टरात ओतण्याची वेळ मांडतात हेच त्यास ठाऊक नसते. आणि याच्या उलट, ज्याची बाजू सोळा आणे खरी असा एक माणूस चौकशीत वीस वर्षांचे सगळे अपमान बोलून गेला, आरोपाच्या दिवशी काय घडले तेवढे सोडून. तो ऐकणाऱ्यास उद्धट वाटला. खरे पाहता तो फक्त पहिल्यांदाच ऐकला जात होता.

यावरून जे शिकायचे ते थोडक्यात सांगतो. नेमणुकीचे पत्र, पगारपत्रके, हजेरीचे कार्ड, आरोपपत्र आणि त्यास दिलेले उत्तर हे सर्व तारखेवार लावून ठेवावे. तोंडी दिलेला हुकूम आठवेल तसा त्याच दिवशी वहीत लिहावा. कोऱ्या कागदावर सही करू नये. जी करावी लागेल तिची प्रत मागावी, आणि प्रत नाकारली तर तसे लेखी कळवावे. साक्षीदारास भाषण देऊ नये, प्रश्न विचारावा. एका प्रश्नात एकच गोष्ट. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणावे. चौकशीची भाषा कळत नसेल तर मराठीत चालवण्याची मागणी पहिल्याच दिवशी नोंदवावी. आणि शक्य असेल तर एक सोबती शेजारी बसवावा. तो बोलला नाही तरी चालेल. त्याच्या असण्याने आवाज कापत नाही.

निकाल लागला म्हणजे संपले असेही नाही. कामगार न्यायालयात स्वतः जिंकलेला माणूस पुढे उच्च न्यायालयात खेचला जातो आणि तेथे भाषा, खर्च, अंतर सारेच बदलते. १९८४ साली अमलात आलेल्या ‘सतरा-ब’ कलमाने, पुन्हा कामावर घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक वर गेला तर तोवर कामगारास शेवटचा पगार देत राहावे, असे बंधन घातले. एवढ्या एका कलमाने कितीक घरांच्या चुली पेटत्या राहिल्या.

ही अडचण आपलीच आहे असे नाही. फ्रान्सात लिओंच्या रेशीम धंद्यासाठी १८०६ साली मालक व कारागीर यांची जी तंटा-पंचायत निघाली, ती आजही चालते. इंग्लंडातील न्यायाधिकरणे तर सामान्य माणसाने वकिलावाचून यावे याच हेतूने वाढली. पण २०१३ साली तेथील सरकारने तक्रारीस फी लावली, मोठ्या तक्रारीस ती बाराशे पौंडांपर्यंत जाई. तक्रारी एकदम घसरल्या. २०१७ साली एका युनियनने लढवलेल्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली. एकेकट्या माणसास आपले तोंड उघडता यावे म्हणून युनियन लढली, हे आम्हांस विशेष वाटते.

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? लेबर ऑफिसरचा अनुभव सांगतो, की सरकारने उसने दिलेले तोंड पुरत नाही. १९६२ चा निर्णय सांगतो, की युनियनला दिलेली मक्तेदारी कामगारास मुके करते. वकिलाच्या हाती सर्व सोपवले तर तंटा कामगाराच्या समजेपलीकडे जातो. आणि निव्वळ एकटे सोडले तर १८५९ च्या मॅजिस्ट्रेटपुढचा मजूर पुन्हा उभा राहतो. म्हणून म्हणणे कामगाराचे असावे, शक्य तेथे शब्दही त्याचेच असावेत; आणि युनियनने त्याच्या मागे उभे राहून कागद लावून द्यावेत, कायदा समजावून सांगावा, तारीख सांभाळावी. आमचे काम त्याच्यावतीने बोलण्यापेक्षा त्याला बोलता करण्याचे अधिक आहे.

आपणांपैकी कित्येकजण कारखान्यात नसतील. दुकानात, शाळेत, दवाखान्यात, कचेरीत असतील, आणि काहीजण स्वतः चार माणसांना कामावर ठेवणारे असतील. आपल्याकडे काम करणारा माणूस उद्या समोर येऊन म्हणाला, ‘मला काही सांगायचंय’, तर त्यास बसायला सांगावे आणि त्याचे म्हणणे पुरे होईपर्यंत ऐकावे. कितीतरी तंटे कोर्टात जातात ते केवळ त्याआधी कोणी ऐकले नाही म्हणून.